तेरा मिनिटांचा थांबा

१

तिला कचेरीत सगळे घड्याळबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे घड्याळबाई, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. विमान कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत बसून ती वेळापत्रक करायची. कोणतं विमान कधी सुटेल, कधी पोचेल, किती वेळ जमिनीवर उभं राहील, हे सगळं चौदा वर्षं तिच्या बोटांखालून जात होतं. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ ती पाढे म्हटल्यासारखा सांगून टाकायची.

त्यातला एक आकडा घरचाच होता. अंतर अकराशे चौसष्ट किलोमीटर. वेळ एक तास बावन्न मिनिटं, म्हणजे विमानाचं दार लागल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंत. तिचा नवरा त्या दुसऱ्या शहरात नोकरी करायचा. सोमवारी सकाळी जायचा आणि शुक्रवारी चार वीसच्या विमानाने परत यायचा. ते विमान फक्त शुक्रवारचं होतं, घरी परतणाऱ्या चाकरमान्यांसाठी सोडलेलं.

नवरा जन्माचा उशिरा येणारा. स्वतःच्या लग्नाला तो पाऊण तास उशिरा पोचला होता, आणि तेव्हापासून तिने त्याचं नाव उशीरराव ठेवलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "जन्मालासुद्धा बारा दिवस उशिरा आला हा. मी आणि डॉक्टरीणबाई एकमेकींचं तोंड बघत बसलो होतो."

दोघांचा एक खेळ होता. ती विचारायची, किती राहिलं? तो विमानात बसला की फोनवर नुसता आकडा पाठवायचा, ११६४. उतरला की १४, कारण विमानतळापासून घर तेवढं होतं. आणि दाराशी आला की ती आतून ओरडायची, "किती राहिलं?" तो बाहेरून म्हणायचा, "शून्य!" मगच ती कडी काढायची. अकरा वर्षं झाली तरी खेळ चालू होता, आणि सासूबाईंचं हसून मान फिरवणंही अकरा वर्षं चालू होतं.

त्या हंगामात साहेबांनी तिला बोलावलं. शुक्रवारचं विमान नेहमी पाच-दहा मिनिटं उशिरा उतरतंय, तक्रारी येताहेत.

"बाई, एक बावन्नचे छापताना दोन तास पाच करा," साहेब म्हणाले. "तेरा मिनिटं जास्तीची दाखवा. लवकर पोचलो तर लोक खूश, जरा उशीर झाला तरी कागदावर वेळेवर. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही."

यात नवं काही नव्हतं. सगळ्याच कंपन्या ही लबाडी करतात. तिने सहा बाराच्या जागी सहा पंचवीस लिहिलं आणि पुढच्या ओळीकडे वळली.

२

लबाडीचा फायदा असा असतो की विमान बहुतेक दिवस लवकर पोचतं. इथे ते झालं नाही. पहिल्या शुक्रवारी विमान सहा पंचवीसला लागलं. दुसऱ्या शुक्रवारी सहा पंचवीस. तिसऱ्याही. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

त्या तिसऱ्या शुक्रवारी उशीरराव जेवायला बसता बसता मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरत होता. ते त्याच्या वडिलांचं, चावीचं घड्याळ होतं. रोज रात्री तो त्याला न चुकता चावी द्यायचा. आयुष्यात वेळेवर करायची ती एकच गोष्ट.

"पुन्हा तेरा मिनिटं मागे," तो म्हणाला. "सोमवार ते शुक्रवार बरोबर चालतं. विमानात बसलं की याला काय होतं कळत नाही."

"तुझ्या सहवासात राहून बिघडलं," ती म्हणाली.

"फोन बरोबर दाखवतो गं."

"फोन खाली उतरल्यावर स्वतःच वेळ सुधारून घेतो. त्याचं काय सांगतोस?"

बोलून गेली आणि तिचा हात वाटीवर थांबला. घड्याळ मागे पडतं ते बरोबर तेरा मिनिटं. बारा नाही, चौदा नाही.

"दुरुस्तीला टाक," सासूबाई म्हणाल्या.

"टाकतो. आणि हो, तुमच्या विमानवाल्यांना सांग की मधे एवढा वेळ थांबत जाऊ नका. पाय आखडतात."

"मधे कुठे?"

"मधेच. अर्ध्या वाटेवर थांबतं ना थोडा वेळ." त्याने भाजी वाढून घेतली. "तुला माहीत असायला हवं. वेळापत्रक तू करतेस."

तिला वाटलं थट्टा करतोय. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो भाजीत मीठ कमी आहे का ते चाखून बघत होता.

३

सोमवारी ती खालच्या मजल्यावर इंधनवाल्या काकांकडे गेली. प्रत्येक विमानात किती इंधन भरलं आणि किती जळलं याच्या नोंदी काकांकडे असत. तिने शुक्रवारची पानं मागितली. ती मनाशी कारणं जुळवत होती. समोरून वारा असेल. उतरायला जागा नसेल म्हणून शहरावर घिरट्या घालायला लावलं असेल. आकाशात गोष्टी होतात, प्रत्येकीचं काही ना काही कारण असतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन तास पाच मिनिटं चालू होतं म्हणता? मग जळायला हवं त्याहून कमी जळलंय. हे बघा. तिन्ही शुक्रवारी एक बावन्नचंच इंधन गेलंय."

"आणि उरलेली तेरा मिनिटं?"

"तेरा मिनिटं इंजिन बंद ठेवून वर लटकून राहिलं असेल." काका स्वतःच्याच विनोदावर हसले, मग हसायचे थांबले. "नोंद चुकली असेल कुणाची तरी."

"तिन्ही वेळा?"

काकांनी पानं परत फायलीत लावली आणि चहा विचारला. तिने नको म्हटलं.

जिन्यात तिला त्या विमानाचे कॅप्टन भेटले. उंच, केस पिकलेले, कधी आवाज न चढवणारे. तिने सरळच विचारलं, "कॅप्टन, शुक्रवारी मधे थांबता का कुठे?"

ते एक पायरी खाली उतरले, मग वर बघून म्हणाले, "थांबा तुम्हीच दिलाय ना बाई? आम्ही आपले वेळापत्रकाप्रमाणे चालतो."

"मी थांबा नाही दिला. मी फक्त वेळ वाढवला."

"रिकामा वेळ कुणी असा उघडा टाकतं का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसं बोलत होते. "निघताना एकशे सव्वीस माणसं मोजली, पोचल्यावर एकशे सव्वीस उतरली. मोजणी जुळल्याशिवाय आमचं दार लागत नाही. त्याच्या पुढचं मला विचारू नका."

ते निघून गेले. ती कठड्याला धरून उभी राहिली. मनात शंकेची पाल चुकचुकत होती आणि डोकं तिला पुन्हा पुन्हा सांगत होतं, बाई, विमान थांबत नसतं. थांबलं तर पडतं. लहान मुलालाही कळतं ते.

४

पुढच्या शुक्रवारी तिने नवऱ्याला जेवण होईपर्यंत काही विचारलं नाही. मग मागच्या खोलीत, तो घड्याळाला चावी देत असताना म्हणाली, "त्या थांब्याचं नीट सांग बघू."

"सांगण्यासारखं काय आहे? थांबतं. दार उघडतं. काही लोक उतरतात, काही चढतात. मग निघतं."

"बाहेर काय दिसतं?"

तो विचार करू लागला. "खोली आहे मोठी. बाकं आहेत. माझी खिडकी नेमकी पंखावर येते, म्हणून नीट दिसत नाही." चावी दोनदा फिरली. "आज पाच उतरले आणि पाच चढले. माझ्या शेजारचा टाय लावलेला माणूस उतरला, त्याच्या जागी टायवालाच येऊन बसला. मी म्हटलं, पाय मोकळे करून आलात वाटतं? तर नुसता हसला. मी पण पुढच्या खेपेला जरा उतरून येईन म्हणतो."

"उतरायचं नाही!"

ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरून सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं? तिने दार लोटलं. नवऱ्याचा हात धरला आणि सगळं सांगितलं, इंधनाचं, कॅप्टनचं, तेरा मिनिटांचं. तो आधी हसत होता. मग घड्याळ बाजूला ठेवून तिच्याकडे वळला.

"मी त्या विमानात असताना मला यातलं काहीच विचित्र वाटत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आत्ता तुझ्या तोंडून ऐकताना वाटतंय."

"पुढच्या शुक्रवारी दुसरं काहीतरी बघ. रेल्वेने ये."

"रेल्वेला एकोणीस तास लागतात. शनिवारी दुपारी पोचेन आणि रविवारी निघेन." त्याने तिच्या गालाला हात लावला. "नाही उतरणार. कानाला खडा. झालं?"

ती मंगळवारी साहेबांपुढे फाईल घेऊन गेली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला आठ दिवसांच्या सुट्टीवर पाठवलं असतं, म्हणून तिने त्यांच्या भाषेत सांगितलं. "साहेब, तेरा मिनिटं दिली आणि एकदाही लवकर पोचलो नाही. लोक फुकट बसून राहताहेत. काढून टाकू." साहेबांनी गाल खाजवला आणि सही केली. नवा कागद पुढच्या सोमवारपासून लागू होणार होता. म्हणजे मधे फक्त एक शुक्रवार उरत होता.

५

त्या शुक्रवारी चार अठराला आकडा आला, ११६४. तिने लगेच लिहिलं, 'जागेवरून उठू नकोस.' त्याने हसरा चेहरा पाठवला. तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. पाच सोळा ही अर्धी वाट. पाच एकोणतीसपर्यंत तिने श्वास मोजून घेतला.

सहा सत्तावीसला १४ आला. ती धावतच घरी पोचली. थोड्या वेळाने दार वाजलं. "किती राहिलं?" तिने विचारलं.

"शून्य," बाहेरून उत्तर आलं.

तिने दार उघडून त्याला तिथेच मिठी मारली. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे मान फिरवली. तिने त्याचं मनगट वळवून पाहिलं. घड्याळ बरोबर होतं, मिनिटाला मिनिट.

"थांबलं होतं मधे?"

"विमान कुठे थांबणार?" तो म्हणाला.

तिच्या जिवात जीव आला. म्हणजे काढायच्या आधीच संपलं होतं सगळं. त्या रात्री दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

६

तो सोमवारी गेला नाही. म्हणाला, आता इथूनच काम करायचं ठरलंय. तिने विचारलं, असं अचानक कसं? तर म्हणाला, मागितलं आणि मिळालं. एवढी वर्षं जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं, मग नाक कशाला मुरडायचं? तिने मुरडलं नाही.

पण घर काही बोलत नसलं तरी दाखवतं. तो सकाळी सहाला उठायचा, सहाच्या ठोक्याला. जेवायला हाक मारली की हाक संपायच्या आत ताटावर. "अकरा वर्षांनी सुधारला बाई तुझा उशीरराव," शेजारीण म्हणाली. सासूबाई त्याला वाढताना त्याच्या हातांकडे बघत राहायच्या.

बैठकीत तो खुर्चीच्या अगदी कडेला बसायचा, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून. टीव्ही लावायचा नाही. आणि एकदा तिच्या लक्षात आलं की आठवडा झाला, त्याने घड्याळाला चावी दिलेली नाही. तरी ते चालू होतं. तिने रात्री हळूच कानाशी धरलं. टिकटिक येत होती, जोरकस आणि एकसारखी.

दमलाय, ती स्वतःला म्हणाली. माणूस बदलतो. अकरा वर्षं आठवड्याला दोन दिवसांचा नवरा पाहिला, उरलेल्या पाच दिवसांचा कसा असतो हे तुला काय माहीत?

दुसऱ्या शुक्रवारी दुपारी ती लवकर घरी आली होती. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं. तो बैठकीत, नेहमीच्या जागी. त्याचा फोन त्याच्यासमोर टेबलावर पालथा पडलेला तिला दारातून दिसत होता. तिचा फोन ओट्यावर थरथरला.

५८२.

पाठवणारा तोच होता, त्याचाच नंबर. वर वेळ होती पाच सोळा.

तिने बैठकीकडे पाहिलं. तो हलला नव्हता. फोन पालथाच होता. तिचा फोन पुन्हा थरथरला.

'रागावू नकोस. फक्त पाय मोकळे करायला उतरलो आणि विमान निघून गेलं. नेहमीसारखा उशीर झाला. पुढचं कधी आहे?'

आधण उतू गेलं आणि शेगडी विझली. तिने उत्तर लिहिलं, ते गेलं नाही. पुन्हा लिहिलं, नाही गेलं. मग तिने तो नंबर लावला. बैठकीत टेबलावरचा फोन वाजला. त्याने तो उचलला, कानाला लावला आणि दारातून तिच्याकडे बघत म्हणाला, "बोल."

तिने फोन बंद केला. पुढचं विमान नव्हतंच. तो थांबा तिने स्वतःच्या हाताने खोडून टाकला होता.

७

ती तेरा मिनिटं परत आणायला तिला साहेबांच्या पाया पडायची तयारी होती. तशी वेळ आली नाही. दोन शुक्रवार विमान उशिरा उतरलं होतं, तक्रारींनी साहेबांच्या नाकी नऊ आले होते. सोमवारी तेच तिच्या खोलीत आले. "बाई, तुमची ती तेरा मिनिटं परत घाला. या एका शुक्रवारपुरती. एक तारखेला नवी धावपट्टी सुरू होते, मग उशिराचा प्रश्नच मिटला. त्यानंतर कायमची काढून टाका."

एकच शुक्रवार. तिने सहा पंचवीस लिहिलं आणि कागद सहीला पाठवला.

रात्री जेवताना ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "शुक्रवारच्या विमानाला तेरा मिनिटं परत दिली आम्ही."

त्याचा घास हातातच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला त्या चेहऱ्यावर काहीतरी खरं दिसलं. भीती होती ती. तिच्या अंगावर काटा आला, आणि तिला लाज वाटली की आपल्याला त्याची दयाही येते आहे.

"मी नाही चढणार त्यात," तो म्हणाला. "फार थांबलो होतो मी."

सकाळी तो घरात नव्हता. सासूबाई बैठकीत त्याच्या खुर्चीसमोर बसल्या होत्या.

"पहाटे गेला," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर थोडा वेळ बसला. 'बरं होतं इथे' म्हणाला आणि चपला घालून निघाला. बॅग नेली नाही."

"आई, तो..."

"अगं, जन्म दिलाय मी माझ्या मुलाला. दारातच कळलं मला." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पण भुकेला होता. आणि तू इतकी आनंदात होतीस. म्हटलं, माझ्या म्हातारीच्या मनाचे खेळ असतील. माझा कुठे आहे?"

"आणते मी त्याला," ती म्हणाली. "शुक्रवारी आणते."

८

तिने परतीच्या विमानाची दोन तिकिटं काढली. पंधरा अ आणि पंधरा ब. एक स्वतःचं आणि एक त्याच्या नावाचं, म्हणजे तो चढला की बसायला जागा असेल. निघण्याआधी ती काकांकडे गेली. "काका, एक तारखेनंतरही ती तेरा मिनिटं काढू देऊ नका कुणाला." काका म्हणाले, "माझ्या हातात काय आहे हो बाई? पण झालंय काय?" ती नुसती हसली.

शुक्रवारी सकाळच्या विमानाने ती दुसऱ्या शहरात गेली आणि दुपारी चार वीसच्या विमानात खिडकीशी येऊन बसली. शेजारची जागा रिकामी. एअर होस्टेस मधल्या वाटेतून हातातल्या यंत्रावर टकटक करत माणसं मोजत गेली. दार लागलं.

वर गेल्यावर तिने डोळे मनगटावरून हलवले नाहीत. पाच चौदा. पाच पंधरा. मागच्या रांगेत कुणीतरी लग्नाच्या हॉलच्या भाड्याबद्दल बोलत होतं. पाच सोळा.

फ्रिज अचानक बंद पडला की इतका वेळ तो आवाज करत होता हे कळतं, तसं झालं. धक्का नाही, झोका नाही. तिच्या घड्याळाचा सेकंदकाटा उभा राहिला. आजूबाजूला लोकांनी पट्टे सोडले. कुणी आळस दिला. मागचा माणूस हॉलच्या भाड्याबद्दलच बोलत होता. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला.

तिने खिडकीला कपाळ लावलं. ढग नव्हते, जमीन नव्हती. पंखाच्या पलीकडे एक लांबच लांब खोली होती आणि भिंतीला लागून बाकं. बाकांवर माणसं बसलेली, गुडघे जुळवून, हात मांडीवर. सगळ्यांची तोंडं विमानाकडे होती. एकजण मात्र उभा होता, एका पायावर भार टाकून, मान खाली घालून घड्याळाला चावी देत. काहीजण उठून दाराकडे निघाले तरी त्याचं चावी देणं संपेना.

"अरे, चल ना!" ती काचेवर हात मारून ओरडली आणि उठून धावली.

दाराशी एअर होस्टेसने हात आडवा धरला. उतरायचे ते चौघं उतरून गेले होते. चढायचे ते चौघं आत आले होते, आणि त्यांच्यातल्या कुणाच्याही तोंडाकडे तिने पाहिलं नाही.

"आत बसा. मोजणी झाली आहे."

"एक माणूस यायचाय. माझा नवरा. पंधरा ब, तिकीट काढलंय मी त्याचं."

एअर होस्टेसने हातातला कागद पाहिला. "पंधरा ब आला नाही म्हणून निघतानाच खोडलाय. कागदावर एकशे अकरा आहेत. आत एकशे अकरा आहेत."

न आलेल्या प्रवाशाचं नाव दार लागायच्या आधी यादीतून जातं. चौदा वर्षं ती ते रोज बघत होती. नव्या पोरींना तिनेच ते शिकवलं होतं. आणि तिकीट काढताना ते तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. रिकाम्या जागेला इथे काही किंमत नव्हती. इथे डोकी मोजत होते.

तिचं घड्याळ पाच सोळावर उभं होतं, पण तेरा मिनिटांत किती वेळ मावतो हे तिच्याइतकं कोणाला कळणार? अकरा मिनिटं झाली होती. फार तर बारा.

तो शिडीपाशी आला होता. धापा टाकत, शर्ट एका बाजूने बाहेर आलेला. दाढी वाढलेली नव्हती, कपडे त्याच दिवशीचे. तिला बघून तो थबकला, आणि मग त्याच्या तोंडभर ते ओशाळं हसू पसरलं, लग्नाच्या मांडवात पाऊण तास उशिरा शिरताना होतं तेच.

"अगं, तू कशाला आलीस? पाच मिनिटं तर झाली. किती राहिलं?"

तिला रडू आलं. आनंदाने आलं की भीतीने, ते बघायला वेळ नव्हता. येत्या शुक्रवारी तेरा मिनिटं नसतील, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नसतील. हे त्याला आत्ता सांगितलं असतं तर तो तिथून हलला नसता.

"आईंना भूक लागली असेल. त्या तुझ्यासाठी थांबल्यात," ती म्हणाली आणि शिडीवर आली. एअर होस्टेसने वाट दिली. अरुंद पायरीवर दोघं एकमेकांना घासून गेली, आणि तिने एक क्षण त्याची बाही घट्ट धरली. मग सोडली. "पंधरा ब. पट्टा लाव."

"आणि तू?"

"तू बस," ती म्हणाली. "मी आलेच."

तो आत गेला. ती खाली उतरली. बाकांवरची माणसं सरकून तिला जागा करून देत होती. मागे दार लागल्याचा आवाज आला. पाच एकोणतीस, तिने मनाशी म्हटलं. विमान वेळेवर सुटलं होतं.